शरभ आणला, तरी ड्रॅगनच राहिला

पत्राचा गोषवारा: ठाण्यात राहणाऱ्या एका तरुण लेखिकेचं हे पत्र आहे. नोकरी आयटीतली, आजोळ वेंगुर्ल्याकडचं. सह्याद्रीसारख्या डोंगररांगेत घडणारी एक फँटसी कादंबरी त्या काही वर्षं लिहीत आहेत. पहिल्या खर्ड्यात पाश्चात्त्य गोष्टींतले ड्रॅगन, एल्फ आणि गॉब्लिन होते. लेखक-मित्रांच्या गटाने ‘हे सगळं उसनं वाटतं’ असं सांगितल्यावर त्यांनी ड्रॅगनच्या जागी शरभ (सिंहासारखा पौराणिक प्राणी), एल्फच्या जागी यक्ष आणि गॉब्लिनच्या जागी पिशाच्चं आणली. आता कादंबरीत चौदा प्रकारचे जीव आहेत, शेवटी त्यांची बावीस पानी सूची आहे, आणि अखेरच्या प्रकरणात हे सगळे एका महायुद्धात उतरतात. तरी गटाचं म्हणणं कायम आहे: ‘नावं आपली, जनावरं तीच.’ त्यात आजोळच्या मावशीने ‘देवचाराचं नाव गोष्टीबिष्टीत घालू नकोस’ म्हणून बजावलंय (देवचार म्हणजे गावाची राखण करणारा अदृश्य जीव), आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा भाऊ म्हणतो, ‘तू भुताखेतांचाच प्रचार करतेयस.’ लेखिका विचारतात: असे जीव कादंबरीत नीट वापरायचे कसे, आणि मुळात वापरावेत का?

तुमच्या मित्रांची तक्रार खरी आहे. त्यांनी सुचवलेल्या उपायाबद्दल मात्र मला शंका आहे, आणि तुम्ही तो उपाय इतक्या मनापासून केलात म्हणूनच आता अडकला आहात, असं वाटतं.

तुम्ही सोबत पाठवलेली प्रकरणं वाचली. तिसऱ्या प्रकरणातला शरभ डोंगरातल्या गुहेत राहतो. रात्री खाली उतरून गुरं मारतो. गावकरी भेदरलेले. तुमची नायिका तलवार घेऊन वर जाते, त्याला मारते, आणि गुहेत तिला सोनं सापडतं. आता सांगा, शरभाला सोनं कशाला लागतं? ते सोनं ड्रॅगनचं होतं. ड्रॅगन गेला आणि सोनं तसंच मागे राहिलं. पायांची संख्या आठ केली, आयाळ दिली, तरी कथेतलं काम जुनंच राहिलं, म्हणून वाचकालाही जुनाच प्राणी दिसला.

इथे एक गृहीतक तपासून बघू. उसना जीव वाईट आणि आपल्या मातीतला चांगला, असं तुम्ही आणि तुमचा गट धरून चालला आहात. पण ज्या परंपरेतून तो ड्रॅगन आला, तिथेही तो असा मोकाट सोडलेला नव्हता. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन एका प्राचीन थडग्यातल्या खजिन्यावर तीनशे वर्षं गप्प पडून असतो. कोणीतरी आत शिरतो, एक पेला चोरून नेतो, आणि मग तो घरंदारं जाळत सुटतो. एका पेल्यापायी. म्हणजे तिथेही आधी एक हक्क आहे, मग त्या हक्काचा भंग आहे, आणि आग त्यानंतर आहे. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला पेला गळून गेला आणि नुसती आग उरली. तेव्हा ज्यांना ड्रॅगनच लिहायचाय त्यांनी खुशाल लिहावा, फक्त आधी तो पेला शोधावा.

आता शरभाकडे वळू. तो राहतो कुठे? आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजावरचं शिल्प तुम्ही पाहिलं असेल: चार पंजांत चार हत्ती, तोंडात एक, शेपटीत गुंडाळलेला एक. दारातून आत येणाऱ्याला ते चित्र काहीतरी बजावत असतं. ती सत्तेची भाषा आहे. पुराणांतली त्याची गोष्ट तर तुमच्या तिसऱ्या प्रकरणापेक्षा कितीतरी अवघड आहे. हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नृसिंहाचा राग शमेना, जग जळायची वेळ आली, तेव्हा त्याला आवरायला शिवाने शरभाचं रूप घेतलं, असं शैव सांगतात. वैष्णवांना हे कसं चालावं? मग त्यांच्या गोष्टीत नृसिंह दुतोंडी गंडभेरुंड पक्षी होऊन शरभावर मात करतो. प्रत्येक फेरीला आधीच्यापेक्षा मोठा प्राणी. (तुमच्या महायुद्धाच्या प्रकरणात नेमकं हेच चाललंय, फक्त त्यामागचं पंथांचं भांडण नाही.)

या सगळ्यात मला कादंबरीचं बीज म्हणून मोलाचं वाटतं ते एकच: ज्याने वाचवलं, त्याचाच राग आवरत नाहीये. शरभ त्या भीतीतून जन्मला. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात एक सेनापती आहे, खिंड जिंकून दिल्यावरही जो शस्त्र खाली ठेवत नाही. तुम्ही त्याला दहा ओळींत उरकलाय. शरभाची जागा त्या माणसाच्या समोर आहे. गुरं खायला तुमच्याकडे वाघ आहेच.

नृसिंहाचंही बघा. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरात मृत्यूच्या सगळ्या वाटा बंद आहेत: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, आत नको, बाहेर नको. उरलेल्या फटीच्या मापाचाच तो जीव आहे, तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर. ज्याने कोणी ही कथा प्रथम रचली, त्याने ‘चला, एक सिंहमुखी माणूस आणू, छान दिसेल’ म्हणून सुरुवात केली नसणार. तुमच्या चौदा जिवांना ही कसोटी लावून बघा. जीव काढून त्या जागी तलवारवाला दरोडेखोर ठेवला तर प्रकरण जसंच्या तसं चालतं का? चालत असेल तर दरोडेखोरच ठेवा. त्याला निदान भूक आणि भाषा असते. माझ्या अंदाजाने चौदातले तीन टिकतील. कदाचित चार.

ते तीन कुठे शोधायचे, हे मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने सुचवलं. तुम्ही लिहिलंय, ‘मावशीच्या गावात तसं काही खास नाही, आरवली जवळच आहे, तिथे वेतोबाला चपला वाहतात, एवढंच.’ एवढंच? वेताळ म्हणजे भुतांचा राजा. तो त्या गावात राखणदार होऊन बसलाय. लोक त्याला केळ्यांचे घड देतात, नवस फेडायला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि तो रात्री गावाच्या फेऱ्या मारतो म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. यात कुठे सुळे नाहीत, लाल डोळे नाहीत, उंचीचं माप नाही. झिजलेला तळवा बघून आख्खी आकृती मनात उभी राहते, आणि ती कोणाच्या बाजूने चालतेय हेही कळतं.

कोकण-गोव्यातल्या अशा बहुतेक जिवांशी माणसांचा करार असतो, आणि मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचंय. ते भयंकर आहेत की मायाळू, हा प्रश्न तिथे फारसा कोणी विचारत नाही. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठल्या झाडाखालून कोणत्या वेळी जायचं नाही, आणि चुकलं तर कुणी जाऊन बोलायचं, हे लोकांना पाठ असतं. तुम्ही जिवाचं शरीर आधी रचलंत आणि मग त्याला कथेत काम शोधत बसलात. उलट्या बाजूने या. आधी करार लिहा. तो मोडण्यात कथा आहे, पाळण्यातही आहे, आणि तो खरंतर कुणाच्या फायद्याचा आहे हे कळण्यात तर सगळ्यात जास्त आहे.

गोव्यातला देवचार घ्या. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, गावाची राखण करणारा. त्याला रोट देतात, विडी देतात, दारू देतात. खाजन शेतीच्या भागात राखणदाराचा वास बांधावर, मानशीपाशी मानतात. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून थोपवून लागवडीखाली आणलेली सखल जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. ते दार निसटलं किंवा बांध फुटला तर भरतीबरोबर खारं पाणी आत येतं आणि शेत बसतं. म्हणजे आख्ख्या गावाचं पोट ज्या फळीवर अवलंबून आहे, नेमका तिथे राखणदार बसलाय. तुमच्या कादंबरीतले यक्ष एका सुंदर धबधब्याजवळ राहतात. का? धबधबा सुंदर आहे म्हणून. त्या खोऱ्यातल्या माणसांचा जीव कुठे टांगलेला आहे ते आधी ठरवा: खिंड, विहीर, मिठागर, गुरांची वाट, काहीही असेल. तुमचा जीव तिथे नेऊन बसवा.

दुसरं उदाहरण देतो, कारण ते मला फारच आवडतं आणि तुमच्या सूचीत ते अकराव्या क्रमांकावर तीन ओळींत पडलंय: गिऱ्हा. बुडून मेलेल्याचं भूत, नदीच्या उतारापाशी रात्री हाका मारून माणसाला चकवणारं. तुम्ही त्याला ‘जलपिशाच्च, निळसर त्वचा’ एवढं लिहून सोडलंय. कोकणात त्याची जी गोष्ट सांगतात ती अशी, की गिऱ्ह्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो गुलाम होतो, मागाल ते आणून देतो. तो केस मांडी चिरून आत दडवून ठेवायचा. केस परत मिळाला की गिऱ्हा मोकळा, आणि मग त्या माणसाची खैर नाही.

आता यातून प्रश्न काढत जा. मांडीत केस असलेला माणूस रात्री झोपतो कसा? बायकोला ती जखम दिसली असेलच. तिला काय सांगितलंय? घरात येणारी मासळी, तांदूळ, दागिने कुठून येतात हे सुनेला कळलंय का, आणि कळूनही ती रांधते का? म्हातारपणी तो माणूस मुलाला जवळ बोलावून काय देणार, शेत की सुरी? आणि गिऱ्ह्याच्या बाजूने बघा. बुडून मेला, वर वेठबिगारी नशिबी आली, रोज दाराशी येऊन तो एकच मागणं मागतो. एका केसावर तुमचं निम्मं पुस्तक उभं राहील, निळसर त्वचेची गरजसुद्धा पडणार नाही.

माहिती वाचकाला कशी द्यायची, हा तुमचा पुढचा प्रश्न. सूचीला माझा विरोध नाही, पण ती तुमच्यासाठी आहे, छापण्यासाठी नाही. वाचकाने कोश उघडलेला नसतो. त्याहून मोठी अडचण तुमचा वेताळ आहे, जो सहाव्या प्रकरणात नायिकेला चार पानं राज्याचा इतिहास सांगतो. वेताळ सांगतो खरा, पण का सांगतो ते आठवा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफलेल्या वेताळाच्या गोष्टींत राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालायचंय. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. राजा शहाणा आहे, न्यायी आहे, त्याला उत्तर येतंच, म्हणून दर वेळी तो हरतो. जो गुण त्याला राजा बनवतो तोच त्याला पुन्हापुन्हा त्या झाडाखाली आणून उभा करतो. शेवटच्या कोड्याचं उत्तर येत नाही तेव्हाच तो सुटतो. वेताळाचा नियम त्या एका माणसाच्या अंगावर बेतून शिवलेला आहे. तुमची नायिका कशात हुशार आहे? तिच्या त्या हुशारीचीच तिला किंमत मोजावी लागेल असा नियम तुमच्या वेताळाला द्या, आणि इतिहास त्यातल्या कोड्यांमधून येऊ द्या.

तुमचं पहिलं पान ‘देवचार हा अर्धदैवी योनीतील जीव असून’ असं सुरू होतं. मी ते असं लिहून बघितलं:

‘आजीने रोटाचा तुकडा बांधावरच्या दगडावर ठेवला आणि मागे न बघता चालू लागली.
“एवढाच?” नातीने विचारलं.
“यंदा एवढंच पिकलं,” आजी म्हणाली. नात शेजारीच होती, तरी आजी मोठ्याने बोलली.’

तुम्ही याहून चांगलं लिहाल. तुमचे संवाद मुळात चांगले आहेत. मुद्दा इतकाच की यात देवचार कोण, कसा दिसतो, त्याची योनी कोणती, हे काहीही सांगितलेलं नाही. वाचकाला मात्र कळलं की तिथे कोणीतरी ऐकतंय, त्याचं देणं थकलंय, आणि आजी त्याच्याशी घासाघीस करतेय.

हे अदृश्य, वचकाने वावरणाऱ्या जिवांबद्दल झालं. ज्यांना हाडामासाचं शरीर आहे त्यांचे नियम वेगळे, आणि तिथे मात्र तुम्ही काटेकोर राहायला हवं. तुमच्या एका खोऱ्यात सात शरभ आहेत. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, चितळ-सांबराच्या आकाराची. तुमचा शरभ हत्ती मारणारा. सात शरभांना ते खोरं किती महिने पुरेल? एकच ठेवा. एकटा असणं हीच त्याची गोष्ट होऊ शकेल. आणि प्रचंड जनावराच्या शेजारी गाव कसं जगतं हे कल्पनेने लिहायची गरजच नाही. तुमच्या आजोळच्या जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानहत्ती आले. माड आणि केळी आडव्या झाल्या, लोकांनी रात्री जागून डबे वाजवले, फटाके लावले, सकाळी वनखात्याचे पंचनामे झाले. तिथल्या एखाद्या बागायतदाराशी तासभर बोला. हत्तीचा राग येतो, त्याची दहशत असते, आणि त्याच हत्तीला लोक गणपती म्हणून हातही जोडतात. हे तिन्ही एका माणसात एकाच वेळी असतं. तुमच्या गावकऱ्यांना फक्त भीती आहे. शरभाने केलेल्या नुकसानीचा पंचनामा तुमच्या राज्यात कोण करतं? भरपाई मिळते का, आणि त्यातलं कोण किती खातं? यावर एक प्रकरण आलं तर मी ते महायुद्धाच्या आधी वाचेन.

आता मावशी आणि भाऊ. तुम्ही दोघांना अडथळे समजून लिहिलंय. मला ते दोघे तुमचे सगळ्यात उपयोगी वाचक वाटतात.

मावशी गोष्ट लिहू नकोस म्हणत नाहीये, नाव घालू नकोस म्हणतेय. ती त्या करारातली एक बाजू आहे; तिच्या घरून दरवर्षी काहीतरी दिलं जात असेल. जिथे आजही लोक नवस बोलतात त्या दैवताला खलनायक करणं किंवा नायिकेच्या तलवारीने तोडणं यात धाडस नाही, आळस आहे, कारण त्यामुळे तुम्हाला स्वतःचं काही रचावं लागत नाही. तुमचं गाव काल्पनिक आहे, त्याचा राखणदारही काल्पनिक करा. नाव वेगळं द्या, देणं वेगळं ठरवा, जागा वेगळी निवडा. घडण मात्र खऱ्यासारखी ठेवा. आणि हे मावशीला विचारूनच करा. ‘नाव नाही घालत, पण मला सांग, देणं चुकलं तर काय करतात?’ असं विचारलंत तर ती तासभर बोलेल, अशी माझी अटकळ आहे.

भावाला सांगा की २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गोष्टींच्या मागे लागलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं, लुबाडणं हे त्या कायद्याने गुन्हे ठरवलेत. पण हे सांगून वाद जिंकला असं समजू नका, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तुमच्या नवव्या प्रकरणात सापडतं. तिथे एक हडळ नायकाच्या भावाला भुलवते आणि मांत्रिक तिला झोडपून काढतो. लोकसमजुतीत हडळ कोण? बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेलेली बाई. पुढून भरलेली, पाठीमागून नुसता सापळा. जिच्या मरणाचं घराने दुःख करायचं, तिचीच घराला भीती वाटू लागली. ती चौकटीपाशी कोणासाठी येते? बाळासाठी, असं मला तरी वाटतं. तुमच्या प्रकरणात बाळ कुठेच नाही.

त्याच अंगाने आणखी एक सावधगिरी. तुमची सूची बहुधा नेटवरच्या याद्यांमधून आलीय, आणि त्या याद्यांची मुळं बऱ्याचदा जुन्या संकलनांत असतात. कोकणच्या लोकसमजुतींचं एक मोठं संकलन आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलं. टिपणं ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली, म्हणजे ज्यांना १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या तेच कलेक्टर. प्रत्यक्ष माहिती मात्र पुष्कळशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून धाडलेली. ते जरूर वाचा, त्याच्याइतका खजिना क्वचित मिळतो. पण त्यातली वर्गवारी बघा: सोडमुंजीआधी (मुंजीचं व्रत सोडण्याआधी) गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा, खारव्या-कोळ्याचं भूत झोटिंग, मुसलमानाचं किंवा ख्रिस्त्याचं खवीस, आणि ज्यांना शूद्र म्हटलं गेलं त्यांच्यातला लग्नानंतर मेलेला देवचार. मेल्यावरही जात सुटलेली नाही. ही यादी तुम्ही जशीच्या तशी उचललीत, तर तुमच्या काल्पनिक राज्यात ती उतरंड तुम्हाला न विचारता येऊन बसते. तुमच्या मसुद्यात खवीस तेवढा क्रूर आणि मुंजा तेवढा खोडकर, हे तुम्ही ठरवून केलं नसेल. आता ठरवा. ती वर्गवारी काढून टाका, नाहीतर तिलाच कथेचा विषय करा. मधलं काही या बाबतीत चालत नाही. भावाला नववं प्रकरण वाचायला द्या आणि तो कुठे चिडतो तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा.

याच विषयावर आलेल्या आणखी एका पत्राला इथेच उत्तर देऊन टाकतो. पुण्यातल्या एका वाचकाला मुंजा आयटी पार्कात आणायचाय आणि ‘शहरात असे जीव शोभतील का’ अशी त्यांना धास्ती आहे. शोभण्याचा प्रश्न नाही. मुंजा पिंपळावर राहतो किंवा विहिरीत. तुमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात पिंपळ गेला असेल आणि विहीर बुजवून वर पार्किंग झालं असेल, तर तो गेला कुठे, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे कोणाला आठवतं? तिथून सुरू करा.

पुन्हा तुमच्याकडे, कारण महायुद्ध राहिलंय. चौदा जिवांचं सैन्य दोन्ही बाजूंना उभं राहतं, असं तुम्ही रचलंय. कोकणातल्या समजुतीप्रमाणे घराबाहेरच्या भुताची सत्ता गावच्या शिवेपर्यंत असते. शिवेपलीकडे त्याचं चालत नाही. हा नियम तुम्ही घेतलात तर तुमचे जीव रणांगणावर येऊच शकत नाहीत, आणि मला वाटतं तुम्ही तो घ्यावाच. मग शत्रूचं सैन्य खिंड ओलांडून एकेका गावाच्या हद्दीत शिरेल. प्रत्येक गावाचा करार वेगळा. एका गावाने देणं वेळेवर दिलेलं असेल, दुसऱ्याने तीन वर्षं थकवलेलं. एखाद्या गावचा राखणदार सैन्याला वाटेत चकवत रात्रभर फिरवेल, एखादा बाजूला सरून वाट देईल, आणि ती का दिली ते त्या गावातल्या एकाच म्हातारीला ठाऊक असेल. तुमच्या नायिकेला तलवारीपेक्षा गावोगावची थकबाकी माहीत असण्याचा उपयोग जास्त होईल, आणि ती पटकीसारखं पसरत येणाऱ्या सैन्याच्या दोन गावं पुढे धावत, माणसांना त्यांचं देणं आठवून देत सुटेल. त्यासाठी नकाशा लागेल, तर आधी तो काढा. त्यावर शिवा आखा, प्रत्येक शिवेच्या आत एकच जीव ठेवा, आणि शेजारी लिहा कोणाचं किती बाकी आहे. सूचीची बावीस पानं त्या नकाशाच्या मागे जोडून स्वतःजवळ ठेवा. नवव्या प्रकरणाला मात्र आधी हात घाला.